रात्रपाळीतली बदली सिस्टर आणि वीसची खूण: नर्सिंग सुपरवायझरच्या जबाबदारीचं एक प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका रुग्णालयाचं नाही. रात्रपाळीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र घेऊन सुपरवायझरच्या प्रशिक्षणासाठी ते रचलं आहे. माणसांना नावं दिलेली नाहीत, फक्त हुद्दे आहेत. इन्सुलिनचं गणित मात्र वाचकांनी स्वतः करून पाहावं, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे.

संध्याकाळी सव्वासात

साधारण दोनशे खाटांचं रुग्णालय. नाइट ड्यूटी रात्री ८ ते सकाळी ८. मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सिंगच्या प्रमुख, दिवसा असतात. रात्री नर्सिंगचा सगळा भार एका सुपरवायझरवर: सहा वॉर्ड, आयसीयू आणि कॅज्युअल्टी.

ड्यूटी सुरू व्हायच्या पाऊण तास आधी मेडिकल वॉर्डच्या नाइटच्या दोघींपैकी एकीचा फोन आला. अंगात ताप आहे, येता येणार नाही. वॉर्डात २८ रुग्ण होते. सुपरवायझरनं झरझर हिशेब केला. संध्याकाळच्या सिस्टरला थांबवावं, तर ती दुपारी दोनपासून उभी होती आणि सकाळपर्यंत थांबली असती तर सलग अठरा तास झाले असते. आयसीयूतून कुणाला काढणं शक्यच नव्हतं. स्वतः वॉर्डात उभं राहावं, तर बाकी रुग्णालयाला रात्रभर सुपरवायझर उरत नव्हती. राहिला सर्जिकल वॉर्ड. तिथे १९ रुग्ण आणि दोन सिस्टर होत्या, एक अकरा वर्षांच्या अनुभवाची, दुसरी नोकरीला लागून सात महिने झालेली.

सुपरवायझरनं धाकटीला मेडिकलला पाठवलं. अनुभवी सिस्टरला तिनं मुद्दाम सर्जिकलमध्येच ठेवलं, कारण त्या दिवशी ऑपरेशन झालेले चार रुग्ण तिथे होते आणि त्यांच्याजवळ एकटी नवखी सिस्टर ठेवणं तिला धोक्याचं वाटलं. माझ्या मते हा विचार बरोबर होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते वाचल्यावर बहुतेकांचं पहिलं बोट याच निर्णयाकडे जातं.

सिस्टरची संख्या ही नुसती हजेरीपटाची बाब नाही. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, एका नर्समागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. २००४ पासून कॅलिफोर्नियात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याची कायदेशीर मर्यादा लागू झाली. आपल्या सुपरवायझरसमोर त्या रात्री एका सिस्टरमागे १४ आणि १९ असे आकडे होते. ते बदलणं तिच्या हातात नव्हतं. उपलब्ध हातांना कोणतं काम द्यायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

ट्रेमध्ये काय होतं

या रुग्णालयात नेहमी ४० युनिट प्रति मिलिलिटर तीव्रतेचं, म्हणजे यू-४० इन्सुलिन वापरलं जायचं. त्यासाठीची सिरिंज लाल टोपीची असते आणि तिच्यावर ४० खुणा असतात. त्या आठवड्यात पुरवठा अडकला. स्टोअरनं दोन मेडिकल वॉर्डांना १०० युनिट प्रति मिलिलिटरच्या, म्हणजे यू-१०० च्या व्हायल दिल्या आणि सोबत नारिंगी टोपीच्या यू-१०० सिरिंज दिल्या. कंपनी तीच, बाटलीचा आकार तोच. लेबलवरचा तीव्रतेचा आकडा तेवढा वेगळा.

स्टोअरनं चिठ्ठी पाठवली होती. मेडिकल वॉर्डच्या इन्चार्जनी ती वाचून इंडेंट वहीत (स्टोअरकडे सामान मागायच्या वहीत) चिकटवली आणि सकाळ-संध्याकाळच्या आपल्या सिस्टरना तोंडी सांगितलं. लाल टोपीच्या सिरिंज मात्र ट्रेमधून कुणी काढल्या नाहीत. त्या दिवशी एकाच ट्रेत यू-१०० ची व्हायल आणि दोन्ही रंगांच्या सिरिंज शेजारी-शेजारी पडून होत्या.

आता गणित. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अर्धा मिलिलिटर भरतो. यू-४० असेल तर त्यात २० युनिट असतात. यू-१०० असेल तर त्याच अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट असतात. खूण तीच, हात तोच, डोस अडीच पट. बहुतेक देशांनी यू-४० कधीच बंद केलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. ज्या देशांत दोन्ही तीव्रता शेजारी चालतात तिथे ही चूक नवी नाही.

पावणेनऊ ते पावणेदोन

त्या रात्री जेवणाची गाडी उशिरा आली. संध्याकाळच्या सिस्टरनं दोन रुग्णांचं इन्सुलिन देऊन घेतलं होतं, दोघांचं राहिलं होतं. हॅन्डओव्हरमध्ये तिनं सांगितलं, "बेड ९ आणि बेड १४ चं इन्सुलिन बाकी आहे, जेवण आलं की द्या." व्हायल बदलल्याचं ती बोलली नाही. वॉर्डाच्या नेहमीच्या सिस्टरला ते ठाऊक होतं आणि समोर तीही उभी होती, त्यामुळे सांगायची गरज वाटली नसावी. त्याच वेळी कॅज्युअल्टीतून दम लागलेला एक रुग्ण वर आला आणि नेहमीची सिस्टर त्याच्याकडे धावली. औषधांची गाडी बदली सिस्टरच्या हाती आली.

बेड १४ वर ६१ वर्षांचे गृहस्थ होते. न्यूमोनियातून बरे होत होते, जुना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली तपासणी) थोडं वाढलेलं. जेवणाआधीची शुगर १८६. ऑर्डर होती ३०/७० मिश्र इन्सुलिन (३० टक्के जलद, ७० टक्के संथ) २० युनिट. सिस्टरनं औषधाचं नाव पाहिलं, मुदत पाहिली, रुग्णाचं नाव विचारून केसपेपरशी ताडलं. सर्जिकल वॉर्डात सात महिने तिनं लाल टोपीचीच सिरिंज वापरली होती. तीच उचलली. इन्सुलिन दोघींनी तपासून द्यायचा नियम होता, पण दुसरी ऑक्सिजन लावण्यात गुंतली होती. ८.४५ ला इंजेक्शन दिलं. बेड ९ ला १० युनिटची ऑर्डर होती, तिथेही हेच झालं.

बेड १४ चे गृहस्थ अर्धंच जेवले.

रात्री १.४० ला त्यांच्या मुलानं सिस्टरला हाक मारली. बाबांना दरदरून घाम आलाय आणि ते काहीतरी असंबद्ध बोलताहेत. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८. शुगर ५४ च्या खाली गेली तर ती तातडीनं हाताळायची गंभीर घट मानतात. इथे रुग्ण नीट शुद्धीवर नव्हता, म्हणजे तोंडावाटे साखर देणं धोक्याचं. बदली सिस्टरनं ड्यूटी डॉक्टरांना आणि सुपरवायझरला एका मिनिटाच्या आत फोन केले. ही गोष्ट मी ठळकपणे नोंदवते. सात महिन्यांच्या अनुभवाची मुलगी अर्ध्या रात्री परक्या वॉर्डात, आणि तरी तिनं वेळ घालवला नाही.

सुपरवायझरची पहिली वीस मिनिटं

१.५० ला सुपरवायझर वॉर्डात पोचली तेव्हा डॉक्टर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर देत होते, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. तिनं पहिली नजर रुग्णावर टाकली आणि दुसरी वॉर्डावर. २८ पैकी एका रुग्णाभोवती दोन्ही सिस्टर उभ्या असतील तर उरलेल्या २७ जणांकडे त्या क्षणी कुणी नसतं. नेहमीच्या सिस्टरला तिनं परत दम लागलेल्या रुग्णाकडे पाठवलं आणि कॅज्युअल्टीत फोन करून अर्ध्या तासासाठी एक सिस्टर वर मागवली.

पंधरा मिनिटांनी शुगर ११२ झाली. गृहस्थ डोळे उघडून मुलाकडे बघू लागले. अनेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते. डॉक्टर म्हणालेही, "अर्धंच जेवले होते, त्यात क्रिएटिनिन वाढलेलं. कारण स्पष्ट आहे."

सुपरवायझरला ते पटलं नाही. २० युनिटांवर शुगर १८६ वरून ३८ वर जाणं अगदीच अशक्य नव्हतं, पण तिनं ट्रे मागवला. व्हायल उजेडात धरली. लेबलवर १०० होतं. ट्रेमध्ये फोडलेल्या वेष्टणात लाल टोपी होती.

"मॅडम, मी वीसच घेतले," सिस्टर म्हणाली. "वीसच्या खुणेपर्यंत, बुडबुडा काढून."

"हो, वीसच्याच खुणेपर्यंत घेतलंस. आता आधी मला सांग, यातून अजून कुणाला दिलंस?"

या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला या एका प्रश्नात दिसते. चूक सापडली की आजूबाजूच्या सगळ्यांचं लक्ष चूक करणाऱ्या माणसाकडे वळतं. सुपरवायझरचं लक्ष चुकीच्या वाटेकडे वळावं लागतं: हीच वाट अजून कुठल्या खाटेपर्यंत गेली आहे? बेड ९ चे रुग्ण शांत झोपले होते. उठवून तपासलं तर शुगर ७४. मिश्र इन्सुलिनमधल्या संथ भागाचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान असतो. म्हणजे ही शुगर अजून खाली जाणार होती, तीही झोपेत. ते जागे होते, गिळू शकत होते, म्हणून तोंडावाटे ग्लुकोज आणि खाणं दिलं आणि दर तासाला तपासणी सुरू केली.

मग तिनं दुसऱ्या मेडिकल वॉर्डात फोन लावला, कारण त्या व्हायल तिथेही गेल्या असणार. तिथे नेहमीच्याच सिस्टर होत्या, डोस नारिंगी सिरिंजनं दिले गेले होते, पण लाल सिरिंज त्यांच्याही ट्रेत होत्याच. फोनवर असतानाच त्या काढून वेगळ्या ठेवायला लावल्या. शेवटी मेडिकल वॉर्डाची व्हायल आणि उरलेल्या लाल सिरिंज एका पिशवीत घालून, वेळ लिहून, सही करून तिनं स्वतःच्या कपाटात ठेवल्या.

"एवढंच लिहा ना"

डॉक्टरांचं म्हणणं असं की रुग्ण सावरलाय, कारण म्हणून कमी जेवण आणि किडनी पुरेशी आहे, बाकीचं सकाळी बघू. त्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. रात्री अडीचला दमलेली माणसं अशीच बोलतात. सुपरवायझरनं वाद घातला नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, पन्नास युनिट गेलेत. पुढचे सहा-सात तास शुगर किती वेळा बघायची आणि ग्लुकोज चालू ठेवायचं की नाही, हे त्यावरच ठरणार आहे. पोटॅशियमसुद्धा पाहावं लागेल."

डॉक्टरांनी ऑर्डर बदलल्या. १० टक्के डेक्स्ट्रोज सावकाश चालू, दर तासाला शुगर, पोटॅशियमसाठी रक्त. तीन वाजता शुगर पुन्हा ६१ वर आली होती. ग्लुकोज चालू असल्यामुळे पुढे ती सावरली. खरी नोंद ठेवणं हा नीतीचा भाग आहेच, पण इथे तो उपचाराचाही भाग होता. "कमी जेवले" एवढंच लिहिलं असतं, तर तीन वाजता त्यांच्या बोटाला कुणी टोचलं नसतं.

केसपेपरवर ८.४५ ची नोंद होती: २० युनिट दिले. ती खोडायची नाही, गिरवायची नाही, वर आकडा चढवायचा नाही. सुपरवायझरनं सिस्टरला शेजारी बसवलं आणि नवी नोंद तिच्याच हातानं लिहायला लावली. ती साधारण अशी होती: "रात्री २.३० ला केलेली उशिराची नोंद. ८.४५ वाजता यू-१०० व्हायलमधून यू-४० सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन दिलं गेलं. अंदाजे दिलेला डोस ५० युनिट. १.४० ला शुगर ३८, घाम, असंबद्ध बोलणं. डॉक्टरांना कळवलं." खाली सही, वेळ. कुणाचा दोष, कुणी सांगितलं नाही, स्टोअरनं काय केलं, यातलं काहीही केसपेपरवर आलं नाही. त्यासाठी घटना अहवाल वेगळा असतो, आणि तो सुपरवायझरनं स्वतः भरला. केसपेपर रुग्णाच्या उपचारासाठी आणि घटना अहवाल व्यवस्था सुधारण्यासाठी असतो. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही कागद निकामी होतात.

मुलाशी बोलणं

मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. सुपरवायझर आणि डॉक्टर दोघं त्याच्याकडे गेले. सिस्टरला नेलं नाही. हे मला योग्य वाटतं, कारण त्या क्षणी तिला समोर उभं करणं म्हणजे नकळत तिला ताब्यात देणं.

"तुमच्या वडिलांना रात्री इन्सुलिन ठरल्यापेक्षा जास्त गेलं," सुपरवायझर म्हणाली. "त्यामुळे शुगर खाली गेली. तुम्ही लगेच हाक मारलीत, त्याचा फार उपयोग झाला. आता ते सावरलेत, पण औषधाचा परिणाम सकाळपर्यंत राहील, म्हणून दर तासाला तपासणार आहोत."

"जास्त म्हणजे किती, मॅडम?"

"अडीच पट. असं व्हायला नको होतं. रुग्णालयाच्या वतीनं मी तुमची माफी मागते."

तो चिडला. आवाज चढला. कुणी दिलं, तिला बोलवा, असं म्हणाला. सुपरवायझरनं नाव सांगितलं नाही आणि लपवाछपवीही केली नाही. हे कसं झालं याचा शोध सुरू आहे, रात्रीची जबाबदारी माझी आहे, सकाळी दहा वाजता मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक तुम्हाला भेटतील, आणि तोवर दर तासाचा आकडा मी तुम्हाला सांगत जाईन, असं तिनं सांगितलं. तसं तिनं केलंही. पहाटे पाचपर्यंत तो प्रत्येक वेळी स्वतः येऊन आकडा बघत होता. राग पुरता गेला नव्हता, पण दर तासाला खरं सांगणारं माणूस समोर होतं.

आणि ती सिस्टर

२००० साली अल्बर्ट वू या डॉक्टरांनी चूक हातून घडलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला या घटनेतला दुसरा बळी म्हटलं. पहिला बळी रुग्णच, यात शंका नाही. पण चूक कळल्यावर हात थरथरणारी व्यक्ती पुढचे पाच तास औषधं देणार असेल, तर तिसरी घटना घडायला वेळ लागत नाही. सुपरवायझरनं तिला विचारलं, "काम करू शकशील का?" ती हो म्हणाली, पण तिचा आवाज फुटत नव्हता. सुपरवायझरनं औषधांची गाडी नेहमीच्या सिस्टरकडे दिली आणि तिला टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, सलाईनवर लक्ष आणि बेड ९ ची तासाची शुगर एवढंच काम ठेवलं. ही शिक्षा नाही, हे स्पष्ट शब्दांत तिला सांगितलं. घरी पाठवलं नाही, कारण पहाटे तीनला एकटीनं डोक्यात हे घेऊन जाणं तिच्यासाठीही सुरक्षित नव्हतं. ड्यूटी संपताना घटनेचा तिच्या शब्दांतला जबाब लिहून घेतला. आठवण ताजी असताना लिहिलेलं पुढे तिच्याच बाजूनं उभं राहतं.

सकाळी: मेमो द्यायचा का

प्रशासनाचा पहिला प्रस्ताव अपेक्षित होता: सिस्टरला मेमो, म्हणजे शिस्तभंगाची लेखी नोटीस. लेबल वाचलं नाही, दोघींची तपासणी केली नाही, दोन्ही गोष्टी लेखी नियमाविरुद्ध.

इथे सुपरवायझरची भूमिका निर्णायक असते, कारण वॉर्डात रात्री काय होतं हे तिनंच पाहिलेलं असतं. तिनं बैठकीत एक प्रश्न ठेवला. तेवढंच शिक्षण, तेवढाच अनुभव असलेल्या दुसऱ्या कुठल्याही सिस्टरला आपण काल तिथे पाठवलं असतं आणि तोच ट्रे हातात दिला असता, तर ती नारिंगी सिरिंज उचलेल याची खात्री कुणी देऊ शकतं का? ही कसोटी जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीतून आली आहे. कुणीही खात्री दिली नाही. याच विचारधारेत डेव्हिड मार्क्स यांनी वागणुकीचे तीन प्रकार वेगळे केले: साधी मानवी चूक, सवयीनं घेतलेला धोका आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई. पहिल्या प्रकारात माणसाला आधार द्यायचा आणि व्यवस्था बदलायची. दुसऱ्यात समज द्यायची आणि ती सवय का पडली ते शोधायचं. कारवाई तिसऱ्यासाठी राखायची.

लाल सिरिंज उचलणं पहिल्या प्रकारात बसतं. दोघींची तपासणी वगळणं दुसऱ्या प्रकारात जातं, पण चौकशीत निघालं की रात्री ती तपासणी जवळजवळ कुठल्याच वॉर्डात होत नव्हती आणि हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या सवयीकडे सगळ्यांनी डोळेझाक केली, तिची शिक्षा एकटीला देणं मला मान्य होण्यासारखं नाही. तरी तिची स्वतःची जबाबदारी उरतेच: तिनं लेबलवर नाव आणि मुदत वाचली, तीव्रता वाचली नाही. तेवढ्यापुरती समज आणि पुन्हा प्रशिक्षण हे योग्य होतं. मेमो दिला गेला नाही.

काही वाचक म्हणतील, हे फार मऊ झालं. त्यांनी २०२२ चा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातला खटला आठवावा. शामक औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं औषध दिल्यामुळे २०१७ मध्ये एका रुग्णाचा मृत्यू झाला होता, आणि त्या नर्सला फौजदारी न्यायालयानं दोषी ठरवलं. तुरुंगवास झाला नाही, ३ वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन) झाली. पण अमेरिकेतल्या परिचारिका संघटनांनी तेव्हा एक भीती बोलून दाखवली: आता चुका कळवणार कोण? आपल्या प्रकरणात सिस्टरनं "वीसच्या खुणेपर्यंत" हे तत्काळ सांगितलं नसतं, तर बेड ९ कुणी तपासला असता?

सुपरवायझरचा स्वतःचा हिशेब

घटनेनंतर ती उत्तम वागली. घटनेआधीचं मात्र तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या आचारसंहितेत जबाबदारी स्वीकारताना आणि सोपवताना क्षमतेचा विचार करावा असं म्हटलं आहे. धाकटीला पाठवणं चूक नव्हतं, हे वर म्हटलं आहे. पाठवून झाल्यावर काम संपलं असं मानणं ही चूक होती.

काम सोपवताना पाच गोष्टी जुळतात का ते पाहायचं, असं परिचर्येत शिकवलं जातं: काम योग्य, परिस्थिती योग्य, माणूस योग्य, सूचना योग्य, देखरेख योग्य. इथे पहिल्या तीन निभावून नेता आल्या असत्या. "मेडिकलला जा" ही सूचना मात्र पुरेशी नव्हती. परक्या वॉर्डात आलेल्या सिस्टरकडे जास्त धोक्याची औषधं सोपवायची नाहीत, इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम क्लोराइड हे वॉर्डाच्या सिस्टरनंच द्यायचं आणि बदली सिस्टरनं निरीक्षणं, ड्रेसिंग, सलाईन सांभाळायचं, एवढं दोघींना फोनवर सांगायला दोन मिनिटं लागली असती. दम लागलेल्या रुग्णाला बदली सिस्टर आणि डॉक्टरांनी सांभाळलं असतं, औषधांची गाडी वॉर्डाच्या सिस्टरकडे राहिली असती. देखरेखीचंही तसंच. बदली सिस्टर ज्या वॉर्डात आहे तिथला राउंड पहिला व्हायला हवा होता. प्रत्यक्षात सुपरवायझर नेहमीच्या क्रमानं फिरली आणि मेडिकलला सव्वाअकराला पोचली. तोवर अडीच तास उलटले होते.

तिसरी बाब तिच्या एकटीची नाही, पण मला ती सगळ्यात गंभीर वाटते. व्हायल बदलल्या आहेत हे रात्रीच्या सुपरवायझरला कुणीच सांगितलं नव्हतं. दिवसाच्या सुपरवायझरच्या हॅन्डओव्हरमध्ये रुग्णसंख्या, गंभीर रुग्ण, रजा, रिकाम्या खाटा, बिघडलेली उपकरणं हे सगळं होतं. औषधाचं रूप, तीव्रता किंवा पुरवठा बदलला ही माहिती स्टोअरकडून इन्चार्जपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. सिस्टर एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवण्याचा अधिकार सुपरवायझरचा, आणि नेमकी वॉर्डावॉर्डांतल्या फरकाची माहिती तिच्याकडे नाही. ज्या रुग्णालयात हे असं आहे, तिथे दर नाइटला हा धोका आहे.

पुढे काय केलं

सूचना फलक आणि व्याख्यानं सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात कमी टिकणारी. चूक करणंच अवघड होईल असा बदल जास्त टिकतो. म्हणून पहिला निर्णय स्टोअरचा झाला: संपूर्ण रुग्णालयात एका वेळी इन्सुलिनची एकच तीव्रता ठेवायची. ती बदलायची वेळ आली, तर सगळ्या वॉर्डांत एकाच दिवशी बदलायची, आणि जुन्या सिरिंज मोजून परत घेतल्याशिवाय नव्या व्हायल द्यायच्या नाहीत. दुसरा निर्णय सुपरवायझरच्या वहीचा. तिच्यात सगळ्यात वर एक ओळ आली: आज कोणत्या वॉर्डात काय बदललं. बदल नसेल तर "नाही" असं लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. बदली सिस्टरसाठी प्रत्येक इन्चार्जनं एका पानाचं कार्ड केलं: औषधांचं कपाट, आपत्कालीन ट्रॉली, या वॉर्डात वेगळं काय, आणि तिला कोणती औषधं द्यायची नाहीत.

दोघींच्या तपासणीचा नियम जसाच्या तसा ठेवून भागणार नव्हतं. रात्री जिथे एकच मोकळी सिस्टर असते, तिथे इन्सुलिनसाठी शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलवावं किंवा सुपरवायझरनं स्वतः यावं, असं ठरलं. पहिल्या महिन्यात सुपरवायझरच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की जेवणाच्या वेळा आणि इन्सुलिनच्या वेळा वॉर्डानुसार थोड्या पुढेमागे कराव्या लागल्या. ते जमलं.

नाइटसाठी एक जास्तीची सिस्टर ऑन-कॉल ठेवण्याची मागणी मंजूर झालेली नाही. सुपरवायझर दर महिन्याच्या अहवालात आता किती रात्री, कुठल्या वॉर्डातून कुठे, किती अनुभवाची सिस्टर हलवावी लागली आणि त्या रात्री काय अडलं, हे तारखेनिशी लिहिते. मागणीचा अर्ज त्याच अहवालाला जोडून दर महिन्याला पुन्हा जातो.